बेपत्ता माणसाची चौकशी कोण करतो? चार जुन्या स्लॅशरपटांचे परीक्षण

'ब्लॅक ख्रिसमस' या १९७४ च्या कॅनेडियन चित्रपटात क्लेअर नावाची विद्यार्थिनी सुरुवातीलाच मारली जाते. खुनी तिला कपड्यांवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाने गुदमरवतो, वसतिगृहाच्या माळ्यावर नेतो आणि खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तिचे वडील तिला नाताळच्या सुट्टीसाठी घरी न्यायला येतात, ती न भेटल्यामुळे तिष्ठत उभे राहतात आणि शेवटी चौकशी करीत वसतिगृहाच्या दारात येतात. तेव्हापासून सबंध चित्रपटभर क्लेअरचा शोध चालू राहतो. मैत्रिणी शोधतात, पोलीस शोधतात, बापाच्या चेहऱ्यावरची काळजी तासातासाने गडद होत जाते. ती कुठे आहे हे प्रेक्षकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक असते, कारण कॅमेरा अधूनमधून त्या खिडकीकडे वळतो आणि प्लॅस्टिकमागचा तिचा उघड्या तोंडाचा चेहरा दाखवतो. तिच्यापर्यंत पोहोचणारी एकच व्यक्ती म्हणजे घराची देखरेख करणारी मिसेस मॅक. ती आपले मांजर शोधत माळ्यावर जाते आणि तिथेच मारली जाते. चित्रपट संपतो तेव्हाही क्लेअर त्या खुर्चीतच असते.

स्लॅशर म्हणजे धारदार हत्यार घेऊन माणसांना एकामागून एक मारणाऱ्या खुन्याची गोष्ट. खुनी बहुधा मुखवट्याआड किंवा कॅमेऱ्याआड असतो, मरणारे बहुधा तरुण असतात, दिवस बहुधा सणाचा असतो आणि शेवटी बहुधा एक मुलगी जिवंत उरते. या जातीचे चार चित्रपट मी अलीकडे निर्मितीच्या क्रमाने पुन्हा पाहिले: 'ब्लॅक ख्रिसमस', 'हॅलोविन' (१९७८), 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) आणि 'माय ब्लडी व्हॅलेंटाईन' (१९८१). पाहताना मी एकच प्रश्न सतत विचारत होतो. एखादे पात्र मेल्यावर ते आता नाही, हे कुणाच्या लक्षात येते का? या चित्रपटांची खरी ताकद आणि त्यांची सर्वांत मोठी उणीव या दोन्ही गोष्टी मला त्या प्रश्नाच्या उत्तरात सापडल्या. पुढे खुनी कोण हेही सांगावे लागणार आहे. ज्यांना हे चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचे असतील त्यांनी आधी ते पाहावेत आणि मग इथे परत यावे.

'ब्लॅक ख्रिसमस'चे दिग्दर्शक बॉब क्लार्क यांनी खुन्याला चेहरा, पूर्वेतिहास किंवा कारण यांपैकी काहीही दिले नाही. पहिल्याच प्रसंगात आपण त्याच्या डोळ्यांनी घराभोवती फिरतो, भिंतीवरच्या वेलीच्या जाळीवरून चढतो आणि माळ्याच्या खिडकीतून आत शिरतो. कॅमेरा चालवणाऱ्याने तो स्वतःच्या अंगावर बांधून हे चित्रण केले होते. खालच्या मजल्यावर मेजवानी चालू आहे, मुली हसत आहेत, आणि दूरध्वनी वाजतो. त्या दूरध्वनीवरचे आवाज या चित्रपटातील सर्वांत भीषण गोष्ट आहेत. एकाच माणसाच्या तोंडून एक पुरुष, एक स्त्री आणि एक लहान मूल असे वेगवेगळे स्वर एकमेकांवर आदळत बाहेर पडतात आणि त्यांतून कोणत्या तरी जुन्या कौटुंबिक अत्याचाराची अर्धवट खूण तेवढी कानावर पडते. पार्श्वसंगीतासाठी कार्ल झिट्रर यांनी पियानोच्या तारांना काटे, कंगवे आणि सुऱ्या बांधून सूर विस्कटून टाकले होते. त्यामुळे इथे संगीत कुठे संपते आणि घराची कुरकूर कुठे सुरू होते हे सांगता येत नाही.

मला या चित्रपटाविषयी विशेष आदर वाटतो तो त्यातल्या माणसांमुळे. मार्गो किडर यांची बार्ब दारू पिऊन सगळ्यांना टोचून बोलते, पण सुट्टीत तिच्या आईला ती नकोशी आहे हे आपल्याला दूरध्वनीवरच्या एका छोट्या संभाषणातून आधीच कळलेले असते. ऑलिव्हिया हसी यांची जेस गरोदर आहे आणि गर्भपात करण्याचा तिचा निर्णय झालेला आहे. तिचा मित्र पीटर संतापतो, रडतो, लग्नाची भाषा करतो, पण जेस शांतपणे आपल्या म्हणण्यावर ठाम राहते, आणि पटकथा त्याबद्दल तिला कुठेही शिक्षा करीत नाही. या प्रकारच्या चित्रपटांवर पुढे जो आरोप झाला, की त्यांत मुलींना स्वातंत्र्याची किंमत जिवाने मोजावी लागते, त्याला या प्रकाराच्या अगदी उगमापाशीच असे उत्तर दिलेले आहे याची दखल फार कमी घेतली गेली.

एका प्रसंगाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. खुन्याचा दूरध्वनी कुठून येतो ते शोधण्यासाठी पोलीस टेलिफोन एक्स्चेंजची मदत घेतात. तिथला कर्मचारी खटखट वाजणाऱ्या यंत्रांच्या उंच रांगांमधून धावत एका जोडणीवरून दुसऱ्या जोडणीचा माग काढत जातो. दुसरीकडे जेसला मात्र त्या घाणेरड्या आवाजाशी बोलत राहावे लागते, कारण दूरध्वनी ठेवला की माग तुटतो. आज एका क्षणात होणारी गोष्ट तेव्हा हाडामांसाच्या माणसाच्या पायांवर अवलंबून होती आणि सगळा ताण त्या पायांत आहे. एवढे करून उत्तर मिळते ते असे, की दूरध्वनी त्याच घरातून येत आहेत.

दोषही आहेत. इतकी शोधाशोध होऊनही एकही पोलीस माळ्यावर जात नाही, हे पटणारे नाही. मिसेस मॅकच्या लपवलेल्या दारूच्या बाटल्यांचा विनोद गरजेपेक्षा अधिक वेळा येतो आणि मधला भाग रेंगाळतो. तरीही ठाण्यातला हवालदार मुलगी कुठे तरी मित्राबरोबर गेली असेल असे म्हणून तक्रार बाजूला सारतो, तेव्हा हा चित्रपट केवळ खुन्याबद्दलचा राहत नाही. बेपत्ता मुलीची गोष्ट कोण गंभीरपणे घेतो आणि कोण घेत नाही, याबद्दलचा तो होतो.

'हॅलोविन'कडे वळताना त्याची निर्मिती किती तुटपुंज्या साधनांत झाली हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचे सौंदर्य त्या टंचाईतूनच आलेले आहे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि त्यांच्यासह पटकथा लिहिणाऱ्या निर्मात्या डेब्रा हिल यांच्या हातात सुमारे तीन लाख डॉलर आणि वीसेक दिवसांचे चित्रीकरण होते. इलिनॉयमधील हॅडनफील्ड हे काल्पनिक गाव कॅलिफोर्नियात, साउथ पासाडीना आणि हॉलिवूडच्या रस्त्यांवर, वसंत ऋतूत उभे केले गेले. शरद ऋतूतला पाचोळा दिसावा म्हणून रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की ती गोळा करायची आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पसरायची, असा तो संसार होता. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आसपास किमतीला आणलेला, अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा बाजारू मुखवटा होता. टॉमी ली वॉलेस यांनी तो पांढरा रंगवला, डोळ्यांची भोके मोठी केली आणि केस विस्कटले. त्या कोऱ्या चेहऱ्यावर कोणताच भाव नसल्यामुळे पाहणाऱ्याला तो भाव स्वतःच भरावा लागतो.

या चित्रपटातील भीती कशी घडते हे मला फार उशिरा समजले, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. मी 'हॅलोविन' प्रथम पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, कॉपीची कॉपी झालेल्या फितीवर. कार्पेंटर आणि छायालेखक डीन कंडी यांनी तो पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीसाठी चित्रित केला होता, आणि कॅसेटवर मात्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात बसवण्यासाठी दोन्ही बाजू कापलेल्या होत्या. अंधार म्हणजे नुसता काळा डाग. त्या वेळी मला तो संथ आणि काहीसा पोकळ वाटला होता. पुढे पूर्ण रुंदीची प्रत पाहिली तेव्हा लक्षात आले की जे कापले गेले होते तोच चित्रपट होता. नायिका लॉरी चौकटीच्या एका टोकाला असते आणि दुसऱ्या टोकाला रिकामी जागा असते. कुंपणाची झाडी, वाळत घातलेले कपडे, रस्त्यापलीकडे उभी असलेली मोटार, अर्धवट उघडे दार. नजर आपोआप त्या रिकाम्या जागेकडे जाते आणि बहुतेक वेळा तिथे काहीच नसते. भरदिवसा, सूर्यप्रकाशात, शांत वस्तीत प्रेक्षकाला कोपरे तपासायला लावणे ही या चित्रपटाची खरी करामत आहे. रात्रीच्या एका प्रसंगात लॉरी भिंतीला टेकून रडत असते आणि तिच्या मागच्या काळ्या दारात तो पांढरा चेहरा हळूहळू उजळत वर येतो. धक्का देणारा आवाज त्याच्या आधी येत नाही. आपले डोळेच त्याला शोधून काढतात, आणि शोधून काढल्याचा पश्चात्तापही आपल्यालाच होतो. ज्यांना हा चित्रपट घरी पाहायचा असेल त्यांनी कंडी यांच्या देखरेखीखाली २०१३ मध्ये निघालेली ब्लू-रे आवृत्ती किंवा तिच्याइतकी निगुतीने केलेली कोणतीही पूर्ण रुंदीची प्रत पाहावी. कडा कापलेली प्रत पाहणे म्हणजे चित्रपट न पाहण्यासारखेच आहे.

संगीत कार्पेंटर यांचेच आहे. वडिलांनी लहानपणी त्यांना बोंगोवर पाचाचा ठेका शिकवला होता आणि त्यातून ही धून आली. झपतालाची सवय असलेल्या आपल्या कानांना तिची अस्वस्थता नेमकी कळते. आवर्तनात दहाच ठोके आहेत, पण झपतालातल्या दोन-तीन-दोन-तीन या डौलदार विभागणीऐवजी इथे तीन-तीन-दोन-दोन अशी विभागणी येते. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी चाल घाईला आल्यासारखी, पाय अडखळल्यासारखी वाटते. संगीताविना हा चित्रपट दाखवला तेव्हा एका मोठ्या स्टुडिओच्या प्रतिनिधीला तो मुळीच भीतिदायक वाटला नव्हता, असे कार्पेंटर यांनीच सांगितले आहे.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो. 'हॅलोविन'मध्ये रस्त्याच्या एका बाजूच्या घरात लॉरी मुले सांभाळत आहे आणि समोरच्या घरात तिच्या मैत्रिणी मारल्या जात आहेत. लिंडाचा गळा आवळला जात असताना लॉरी दूरध्वनीवर असते आणि ही चेष्टा आहे असे तिला वाटते. पण ती दूरध्वनी ठेवते, खिडकीतून समोर पाहते, तिथले दिवे मालवलेले दिसतात, आणि तिला चैन पडत नाही. ती रस्ता ओलांडते. माझ्या दृष्टीने या चित्रपटातील सर्वांत धैर्याची कृती तीच आहे, कारण या प्रकारच्या चित्रपटांत कुणी न परतल्यामुळे अस्वस्थ होऊन त्याच्या काळजीपोटी निघणारी माणसे फार थोडी आहेत. त्यानंतर ती जखमी अवस्थेत शेजारच्या घराचे दार ठोठावते, मदतीसाठी ओरडते. आतला दिवा लागतो, कुणी तरी बाहेर पाहते आणि दिवा मालवला जातो. हा प्रसंग काही सेकंदांचा आहे. मुखवटाधारी माणसापेक्षा तो मालवलेला दिवा मला अधिक दिवस छळत राहिला.

याच चित्रपटात एक जागा अशी आहे जी त्याची ताकद आहे की उणीव, हे माझे अजून ठरलेले नाही. मारली गेलेली ॲनी ही गावाच्या शेरीफची मुलगी आहे. शेरीफ ब्रॅकेट रात्रभर खुन्यावर पूर्वी उपचार केलेल्या डॉक्टर लूमिससह त्याच्या मागावर आहे, आणि आपली मुलगी केव्हाच मेली आहे हे त्याला चित्रपट संपेपर्यंत कळत नाही. ते कळते ते तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात. बापाला काही ठाऊक नाही आणि आपल्याला सर्व ठाऊक आहे, ही जाणीव पहिल्या भागात नुसती तरंगत राहते. कार्पेंटर यांनी ती हेतुपुरस्सर तशी ठेवली असेल तर ते अप्रतिम आहे. केवळ नव्वद मिनिटांत सर्व बसवायचे म्हणून ती राहून गेली असेल, तर तो त्या प्रकारचाच दोष आहे ज्याविषयी मी लिहीत आहे.

अमेरिकन समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी १९८० मध्ये आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या लाटेवर कडक टीका केली होती. खुन्याच्या डोळ्यांनी मुलींचा पाठलाग दाखवणारा कॅमेरा प्रेक्षकाला खुन्याच्या बाजूला उभे करतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच ईबर्ट यांनी 'हॅलोविन'ला मात्र पूर्ण चार तारे दिले होते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ मध्ये 'फायनल गर्ल' ही संज्ञा मांडली आणि दाखवून दिले, की सुरुवातीला खुन्याच्या नजरेतून पाहणारा प्रेक्षक, मग तो पुरुष का असेना, शेवटी त्या एकट्या उरलेल्या मुलीच्या भयाशी आणि प्रतिकाराशी जोडला जातो. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, पण वेगवेगळ्या चित्रपटांच्या बाबतीत. लॉरी वाचते ती कुमारिका असल्यामुळे, हे बहुतेकांच्या तोंडी असलेले स्पष्टीकरण मला कधीच पटले नाही. वर्गाच्या खिडकीतून बाहेर उभी असलेली मोटार तिला दिसते, झाडीमागचा माणूस तिला दिसतो, समोरचे अंधारे घर तिला दिसते. ती वाचते कारण ती लक्ष ठेवते.

'हॅलोविन'चा एक दोष मला क्षम्य वाटत नाही. डोनाल्ड प्लेझन्स यांनी रंगवलेला डॉक्टर लूमिस हा मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणि आपला रुग्ण हा माणूस नसून निखळ दुष्टत्व आहे असे तो येईल त्याला सांगत फिरतो. सहाव्या वर्षी बहिणीचा खून करणाऱ्या मुलावर त्याने आठ वर्षे उपचार केले आणि पुढची सात वर्षे त्याला कोंडून ठेवण्यासाठी खटपट केली, हे तो अभिमानाने सांगतो. प्लेझन्स यांचा आवाज इतका प्रभावी आहे की ते ऐकताना शंका येत नाही, पण नंतर येते. मनोरुग्ण म्हणजे खुनी आणि रुग्णालय म्हणजे ज्यातून राक्षस सुटतो तो पिंजरा, हे चित्र या एका चित्रपटाने किती तरी नकलांना पुरवले, आणि त्याची किंमत पडद्याबाहेरच्या माणसांनी मोजली. त्यामानाने इलिनॉयच्या रस्त्यावर दिसणारी कॅलिफोर्नियाची ताडाची झाडे ही अगदीच किरकोळ चूक.

अमेरिकेतच सुमारे चार कोटी सत्तर लाख डॉलर मिळवणाऱ्या या छोट्या चित्रपटाची नक्कल होणार हे उघडच होते. शॉन कनिंगहॅम यांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची जाहिरात चित्रपट अस्तित्वात येण्यापूर्वीच छापली होती. न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउनजवळच्या एका खऱ्या स्काउट शिबिराच्या जागेवर, तळ्याकाठच्या लाकडी खोल्यांत तो चित्रित झाला. त्याच्या यशाचे मोठे श्रेय टॉम सॅव्हिनी यांच्या रंगभूषेला आणि हातचलाखीला जाते. खाटेवर पडलेल्या केव्हिन बेकन यांच्या गळ्यातून खालून बाण वर येतो, त्यात डोके खरे आहे आणि गळा व छाती कृत्रिम. रक्ताच्या पंपाची नळी ऐन वेळी निसटली, तेव्हा खाटेखालच्या साहाय्यकाने तोंडाने फुंकून रक्त वर ढकलले आणि त्यामुळेच ते खऱ्यासारखे उसळले. संगणकाने काढलेल्या रक्ताला हे वजन कधीच येत नाही. जुन्या स्लॅशरपटांचे जे आकर्षण आजही टिकून आहे त्यात या हाताच्या कामाचा वाटा मोठा आहे. रबर, सरबतासारखे रक्त, तारा आणि खाटेखाली दबा धरून बसलेला माणूस.

मात्र या चित्रपटात कुणी कुणाची फारशी चौकशी करीत नाही. शिबिरात स्वयंपाकीण म्हणून येणारी ॲनी वाटेतच मारली जाते. ही या चित्रपटातील पहिली आपुलकीने उभी केलेली व्यक्तिरेखा, पण ती पोहोचली नाही म्हणून कुणाच्या जिवाला घोर लागत नाही. पुढेही एक जण बाहेर जातो, परत येत नाही, आणि बाकीचे खेळत बसतात. खून मोजले जातात, माणसे मोजली जात नाहीत. पन्नासेक मिनिटांनंतर मला कोणाचे नाव काय हे आठवेनासे झाले. आणखी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: एका प्रसंगात खोलीत शिरलेला साप कोयत्याने मारला जातो आणि तो साप खरा होता. करमणुकीसाठी जिवंत प्राणी मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि तो प्रसंग आला की मी पडद्यावरून नजर काढतो.

आणि तरीही हा चित्रपट मला पूर्णपणे टाकवत नाही, त्याचे कारण शेवटची वीस मिनिटे. निळा स्वेटर घातलेली, हसतमुख, मायाळू वाटणारी एक प्रौढ बाई जीपमधून उतरते आणि शिबिरात एकट्या उरलेल्या, घाबरलेल्या ॲलिसला जवळ घेते. बेट्सी पामर यांनी रंगवलेली ही मिसेस वूर्हीस. तिचा मुलगा जेसन १९५७ मध्ये त्याच तळ्यात बुडाला, कारण ज्यांनी लक्ष ठेवायचे ती तरुण मंडळी दुसरीकडे रमली होती. खुनी तीच आहे. म्हणजे संपूर्ण चित्रपटात मेलेल्या माणसाची आठवण ठेवणारी, त्याचे नाव घेणारी, त्याच्यासाठी रडणारी एकच व्यक्ती आहे आणि तीच खून करीत सुटली आहे. हॅरी मॅनफ्रेडिनी यांच्या पार्श्वसंगीतात जो कुजबुजता 'की की की, मा मा मा' असा आवाज घुमतो, तो मुलाच्या तोंडच्या 'आई, तिला मार' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांपासून बनवलेला आहे. पामर यांनी ही भूमिका नवी मोटार घेण्यासाठी पैसे हवे होते म्हणून पत्करली असे त्या मोकळेपणाने सांगत, पण पडद्यावर त्यांनी हात राखून काम केलेले नाही. मुलाच्या बारीक आवाजात स्वतःशीच बोलताना त्यांचा चेहरा क्षणात बदलतो, तिथे हा स्वस्त चित्रपट एकदम दुःखाच्या जवळ जातो. दुर्दैवाने पटकथेने तिला तोवर एकदाही समोर आणलेले नाही. जिचे अस्तित्वच प्रेक्षकाला ठाऊक नाही तिला खुनी ठरवणे हे रहस्यकथेच्या नियमांत बसत नाही, आणि ती आधी एखाद्या प्रसंगात नुसती दिसली असती, तरी तिच्या शोकाला अर्थ आला असता. अगदी शेवटी रुग्णालयात शुद्धीवर आलेली ॲलिस त्या तळ्यातल्या मुलाचीही विचारपूस करते.

पुढच्या भागांनी ते दुःख विसरून जेसनलाच खुनी केले, तिसऱ्या भागात त्याला हॉकीचा मुखवटा दिला आणि १९८९ पर्यंत एकूण आठ भाग काढले. त्यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे माझ्यापाशी फार नाही. कल्पक मृत्यूंची जागा वाढत गेली आणि माणसांची कमी होत गेली.

जॉर्ज मिहाल्का यांचा 'माय ब्लडी व्हॅलेंटाईन' याच नकलांच्या गर्दीतला, पण मला तो त्या गर्दीत सर्वांत प्रिय आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स या कोळशाच्या गावात, बंद पडलेल्या खऱ्या खाणीत त्याचे चित्रीकरण झाले. गावकऱ्यांनी पाहुणे येणार म्हणून खाण झाडूनपुसून, रंगवून ठेवली आणि ती पुन्हा कळकट करण्यासाठी निर्मात्यांना पैसे खर्च करावे लागले, अशी तिची हकिगत सांगतात. इथली पात्रे सुट्टीवर आलेली विद्यार्थी मंडळी नाहीत, तर पाळी संपवून काळ्या तोंडाने वर येणारे, अंघोळ करून गुत्त्यात जाणारे खाणकामगार आहेत. वीस वर्षांपूर्वी व्हॅलेंटाईनच्या नाचाला जाण्याच्या घाईत दोन पर्यवेक्षकांनी मिथेन वायूची पातळी न तपासता खाण सोडली, स्फोट झाला आणि कामगार गाडले गेले. त्यातून वाचलेल्या हॅरी वॉर्डनने पुढच्या वर्षी त्या दोघांना मारले, ही गावाची दंतकथा. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये आणि इथेही सर्वाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ज्यांनी काळजी घ्यायची त्यांचा हलगर्जीपणा. कोळशाच्या गावात मात्र ती नुसती कथेची सोय वाटत नाही. अशा गावांत वायू न तपासण्याचा अर्थ काय होतो हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

इथे गाव आपली माणसे मोजते. लाँड्री चालवणारी आणि नाचाच्या सजावटीत गुंतलेली मेबेल ही म्हातारी मारली जाते तेव्हा पोलीसप्रमुख हादरतो आणि नाच रद्द होतो, जरी तिचा मृत्यू हृदयविकाराने झाला असे गावाला सांगितले जाते. मिशाळ, धिप्पाड, सगळ्यांचा लाडका हॉलिस मरतो तेव्हा त्याच्या मैत्रिणीचा, पॅटीचा आक्रोश बराच वेळ खाणीत घुमत राहतो. गॅस मास्क आणि टोकदार कुदळ घेतलेला खुनी, खाणीच्या बोगद्यात एकेक करून फुटत येणारे दिवे, आणि मुखवट्यातून येणारा जड श्वास यांची भीती तर आहेच. प्रेमाच्या त्रिकोणाचा भाग मात्र कच्चा आहे, टी.जे. आणि ॲक्सेल यांच्या भांडणात तेच ते संवाद येतात, आणि खुन्याच्या बालपणाचा उलगडा शेवटी घाईघाईने, एका लहानशा पूर्वदृश्यात उरकला जातो.

या चित्रपटाच्या बाबतीत कोणती प्रत पाहावी हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा आहे. १९८१ मध्ये अमेरिकी प्रमाणन मंडळाने इतकी काटछाट करायला लावली की अनेक खून अर्धवट तुटतात आणि घडले काय हे समजतच नाही. २००९ मध्ये सुमारे तीन मिनिटांचे वगळलेले चित्रण परत जोडलेली आवृत्ती निघाली. जोडलेल्या भागांचा पोत बाकीच्या चित्रापेक्षा खरबरीत आहे आणि तो डोळ्यांना जाणवतो, तरीही मी तीच प्रत सुचवेन. हौस क्रौर्य पाहण्याची नसली, तरी मृत्यू इतक्या पटकन झाकून टाकला की त्याचे गांभीर्यही नाहीसे होते.

ज्यांना रक्त सहन होत नाही त्यांनी 'हॅलोविन' निर्धास्तपणे पाहावा, त्यात रक्त जवळजवळ नाही. घरात लहान मुले असतील तर यांपैकी एकही त्यांच्यासमोर लावू नये. लाइट बंद करावेत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण हे चित्रपट शांततेवर आणि वाट पाहण्यावर उभे आहेत आणि मध्येच नजर हटली तर त्यांत काहीच उरत नाही. मी निर्मितीच्या क्रमाने पाहिले, पण नव्या प्रेक्षकाने 'हॅलोविन'पासून सुरुवात करून 'ब्लॅक ख्रिसमस' सर्वांत शेवटी ठेवावा, आणि शेवटची नामावली सुरू झाली म्हणून उठू नये. पोलिसांनी प्रकरण मिटले असे मानलेले असते, क्लेअरच्या वडिलांना त्याच घरातून, मुलीच्या खुर्चीच्या खालच्या मजल्यावरून बाहेर नेलेले असते, जेस औषधाच्या गुंगीत एकटी झोपलेली असते. कॅमेरा हळूहळू मागे सरकत माळ्याच्या त्या खिडकीपर्यंत जातो, मग घराच्या बाहेर येतो, आणि नावे वर सरकत असताना आत दूरध्वनी वाजू लागतो. तो वाजतच राहतो.